नाताळाची केळी

अहो,
जीवरामभाऊची पोरं टांग्याने नशिराबादला पोचवायला निघाले आहे. तुमचं ताट झाकलंय. आपण ख्रिस्ती झाल्यापासून भाऊने यंदा प्रथमच त्यांना नाताळाला पाठवलं, तेही आपल्या घरचं शिजवलेलं खाणार नाहीत या अटीवर. म्हणून त्यांच्यापुढे मी नुसती केळी नि शेंगा ठेवल्या. पण आपली मुलं करंज्या खाताना पाहून धाकट्या मगनने हात पुढे केला, मला नाही म्हणवलं नाही. थोरल्या वेणूने त्याचं तोंड पुसलं नि म्हणाली, "आत्या, आबाले सांगू नको."
आजच्या दिवशी भावाशी खोटं कसं बोलू? खरं सांगितलं तर पोरं पुन्हा यायची नाहीत.
मगन आता झोपलाय, दुसरी करंजी मुठीत धरून. ती काढून घ्यायला माझा हातच पुढे होत नाही.
कुंदा