परसातला आपोआप आलेला वेल

आई,

परसात आपोआप उगवलेल्या वेलावर काल संध्याकाळी पाच फळं होती, आज चार आहेत. पाचवं आण्णांनी सकाळी तोडून त्याचा रस काढला. तू फोन घरी विसरून देवळात गेलीस, म्हणून ही चिठ्ठी.

पानं आणि पांढरी फुलं बघून काल मी दुधी म्हणाले. तो दुधीच आहे. पण कडू दुधीचा वेलही अगदी असाच दिसतो, हे सांगायचं राहिलं. रस कडू लागला तेव्हा मी ग्लास ओढला, तर आण्णा म्हणाले, "औषध कडूच असतंय की गं!" आणि ग्लास रिकामा केला. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. आता त्यात रक्त दिसतंय. बीपी ९८/६४ आहे.

शेजारच्या भूपालकाकांच्या गाडीतून त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेतेय. भांड्यात उरलेला रस डॉक्टरांना दाखवायला घेतलाय. ओट्यावरचा चोथा थालीपिठात घालू नकोस, शिजवूनही त्यातलं विष जात नाही. वेलावरची फळं कुणालाही देऊ नकोस. आल्याबरोबर फोन कर.

रुचिता

काका गाडी काढेपर्यंत बीपी पुन्हा मोजलं. ७८/५०.