दादाच्या नासपतीसाठी विषाणू

१४ एप्रिल
दादाच्या नासपतीला करपाच झालाय. त्यानं पाठवलेली फांदी आज मीच तपासली. फुलं काळी, शेंडा मान टाकल्यासारखा वाकलेला, पानं जाळावर धरल्यासारखी. परक्याची बाग असती तर दोन ओळींचा अहवाल लिहून मोकळी झाले असते.
फोन केला. काही झाडं तोडलीत म्हणाला. मग नेहमीसारखंच — जेवलीस का?

१७ एप्रिल
आमच्या लॅबमधला विषाणू त्या फांदीतल्या करप्याच्या जिवाणूंवर सोडून पाहिला. बशीतला त्यांचा दुधाळ थर सकाळी जागोजागी निवळलेला — पार चाळण! माणसाला, झाडाला काही करत नाही हा. या एका जिवाणूचा तेवढा कर्दनकाळ.
तशीच मॅडमकडे गेले. विभाग त्यांच्या हाताखाली. म्हणाल्या, बाहेर फवारायची परवानगी पुढच्या हंगामाआधी येत नाही, तोवर एक थेंब इथून हलायचा नाही. "भाऊ आहे तुझा, माहितीये. म्हणूनच बजावते."
बरोबर आहे त्यांचं. काय करू त्या बरोबरचं!

१८ एप्रिल
कॅन नेऊन दिला. दादाला सगळं समजावलं — उन्हात विषाणू मरतो, संध्याकाळीच फवार. कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल, हेही. त्यानं नुसती मान हलवली.

२५ एप्रिल
काही फरक नाही.

२ मे
विहिरीकडची अख्खी ओळ गेली. ऊन लागलं? कमी पडलं? की मुळातच उशीर झाला? बशीत जिंकतो तो झाडावर का हरतो?
नीट फवारलंस ना, विचारलं. हो म्हणाला. वर माझीच समजूत काढत बसला — तुझं औषध चांगलंच असेल गं, माझीच झाडं म्हातारी.

९ मे
बाग संपली. दिवसभर फांद्या जाळल्या. दादानं मला करवतीला हात लावू दिला नाही. धुरानं डोळे चुरचुरत होते, ते एक बरं झालं.
हा विषाणू बाहेर कामाचा नाही. मॅडमना सांगावं, सोडून देऊ हे काम. पण कशावरून म्हणतेस विचारलं तर?

११ मे
वहिनीचा फोन. दादा बाहेर गेलाय बघून केलेला. राहवेना म्हणाली.
औषध फवारलंच नव्हतं. मी निघाले तशी दादानं कॅन मोरीत रिकामा केला.
"मला म्हणाले, झाडं पुन्हा लावता येतील. तिची नोकरी गेली तर मी कुठून आणून देऊ?"