बत्तीस घरांतले काका

मखमलाबाद, नाशिक
१२ जानेवारी २००२

ती. जीवनदादास,
भाग्यश्रीचा शि. सा. न. वि. वि.

कोंडाजीकाकांचा दहावा उरकून तू हैदराबादला गेलास, त्याला पंधरा दिवस झाले. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. अर्धांगवायूच्या माणसाला एवढ्यात धक्का नको, असं डॉक्टर म्हणतात, आणि आईने मला गळ्याची शपथ घातलीय. मोकळं कपाळ बाबांना दिसेल म्हणून कुसाकाकूलाही तिने यायला मना केलंय. सख्खा थोरला भाऊ गेला आणि ह्यांना पत्ता नाही, हे मला बिलकूल पटत नाही.

बाबांची वाचा गेली, अक्षरंही ओळखत नाहीत. पण डावा हात चालतो आणि चेहरे कळतात. म्हणून क्लासमधला जुना कॉम्प्युटर घरी आणलाय. पडद्यावर माणसांची, वस्तूंची चित्रं ठेवायची; एक क्लिक केलं की माझ्या आवाजात तो शब्द ऐकू येईल. आवाज भरून झाले, अडलंय चित्रांवर. फोटो स्कॅन केला, फाइलच्या नावातलं जेपीजी खोडून आयसीओ लिहिलं, तर ह्यात आयकॉनच नाही असा निरोप येतो. सगळे फोटो सोबत पाठवतेय. काकांचाही आहे.

आमच्यावर माया असू दे.
तुझी
भाग्यश्री


हैदराबाद
२५ जानेवारी २००२

चि. भाग्यश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं मास्तरीणबाई, पोरांना कॉम्प्युटर शिकवतेस आणि नाव बदललं की फाइल बदलते असं वाटतं तुला? आयकॉन म्हणजे बत्तीस घरं आडवी, बत्तीस उभी. फोटो तेवढ्यात बसवायचा आणि मग आयसीओ म्हणून सेव्ह करायचा. नुसता लहान केला तर चेहऱ्याचा चिखल होतो, म्हणून मागचं सगळं कापून नाक-डोळे घराघराने रंगवले. आईचं कुंकू चार घरांचं झालंय. कुसाकाकूच्या फोटोतलंही तसंच ठेवलं. पुसवलं नाही माझ्याने.

बाबांना देवघरापर्यंत जाता येत नाही ना? मग पडद्याच्या उजव्या कडेला खंडोबा आणि आपले आजी-आजोबा ठेव, तिथेच नमस्कार करतील. घरातली माणसं डावीकडे. आयकॉन आपोआप रांगेत लावायची सोय बंद कर, नाहीतर सगळे एकाच बाजूला जाऊन बसतील.

काकांचं चित्र केलेलं नाही. ते दिसलं की बाबा त्यांना बोलावणार. तेव्हा काय करशील?

तब्येतीला जप, फ्लॉपीलाही.
तुझा
जीवन


मखमलाबाद, नाशिक
९ फेब्रुवारी २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फ्लॉपी पोचली. पहिल्याच दिवशी बाबांनी पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन धावली आणि दारातच रडायला लागली. म्हणाली, लय दिवसांनी ह्यांनी मला काहीतरी मागितलं.

पण दादा, ते रोज डावी रांग वरून खालपर्यंत बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. कोणाला शोधतात हे काय मला कळत नाही? चाळीस वर्षं दोघांनी एका शेतात गुलाब लावले, एका टेम्पोतून बाजारात नेले. रागावू नकोस, पण तू तिकडे बसून घाबरतोस आणि नजर मला चुकवावी लागते. काकांचं चित्र पाठव. बाबांनी त्यांना बोलावलं तर मी खरं सांगणार. आईची शपथ गेली खड्ड्यात.

चिडले तरी लोभ तेवढाच आहे.
भाग्यश्री


हैदराबाद
२१ फेब्रुवारी २००२

चि. भाग्यश्रीस,
आशीर्वाद.

चिडलीस ते बरोबरच आहे. चित्र पाठवतोय. टोपी, मिशा लगेच जमल्या, पण काकांचं हसू काही केल्या येईना. ओठांच्या कडेची दोन घरं वर सरकवली आणि एकदम काकाच समोर आले. मी ऑफिसात सगळ्यांदेखत रडलो गं.

सांगू मात्र नकोस. होळीला मी येतोय, मीच सांगेन. तोवर बोलावलं तर काका मनमाडला लग्नाला गेलेत म्हण. एवढं ऐक माझं.

आईला नमस्कार. कळावे.
तुझा
जीवन


मखमलाबाद, नाशिक
५ मार्च २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

होळीची वाट बघू नकोस, मिळेल त्या गाडीने ये. घाबरण्यासारखं काही नाही.

आज सकाळी काकांचं चित्र डाव्या रांगेत ठेवलं. तुझं मनमाडचं लग्न मनात घोकत बाजूला उभी राहिले. बाबांनी क्लिक केलंच नाही. बराच वेळ नुसते बघत होते. मग माउसचं बटण दाबून धरलं आणि चित्र ओढत ओढत पार उजव्या कडेला नेलं, आजीच्या खाली सोडलं. मला वाटलं हात चुकला, म्हणून मी ते परत डावीकडे आणलं. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पुन्हा तिथेच नेऊन ठेवलं. उजवा हात उठत नाही, म्हणून डावाच कपाळाला लावला.

त्यांना माहीत होतं रे! कधीपासून, कोण जाणे. अडीच महिने भाऊ उंबऱ्यात आला नाही, ह्याचा अर्थ त्यांना कोणी सांगायला हवा होता का? मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आई दारात उभी होती.

मग त्यांनी पुन्हा माउस धरला. डाव्या रांगेतून उतरत उतरत कुसाकाकूच्या चित्रावर थांबले आणि क्लिक केलं. माझाच आवाज खोलीत आला, वहिनी. जरा थांबून परत, वहिनी. आई तशीच, पायात चप्पलही न घालता, तिला आणायला गेलीय.

तुझ्या मायेतली
भाग्यश्री