एकटीचा फोटो

५ जानेवारी १९७६, सोमवार
दि. आज पुन्हा दादरला जाऊन आले. (नवऱ्याचं नाव वहीतसुद्धा पूर्ण लिहवत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी.) आमचा फोटो स्टुडिओ दिवसभर बंद. येताना त्या फिल्मच्या वर्गाचं माहितीपत्रक आणलं. गुळगुळीत कागद. सिनेमाचा कॅमेरा चालवायला शिकवतात, शेवटी सर्टिफिकेट. फी माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी.
"सर्टिफिकेट मिळालं की पगार किती?"
"तसं काही लिहिलेलं नाही."
"बाकी सगळं लिहिलंय, तेवढंच राहिलं होय?"
दि. हसले. छत्तिशी आली, हसणं अजून माझ्या चौथीच्या वर्गातल्या पोरांचं. पण एक अख्खं वर्ष. स्टुडिओ कोण बघणार, मी का? दिवसभर शाळा, संध्याकाळी पासपोर्ट फोटो.

९ जाने.
माझ्या डी.एड.साठी बाबांनी म्हैस विकली होती. पहिल्या पगारापासून सगळं वसूल झालं, म्हणून सर्टिफिकेटावर माझा विश्वास. पण माझ्या कागदामागे शाळा उभी होती. यांच्या कागदामागे कोण?
पोस्टातले पैसे मोठ्या खोलीसाठी आहेत. कामतघरच्या या दीड खोलीत शेजारचे कापड विणायचे लूम सुरू झाले की फळीवरची भांडी चालायला लागतात.
स्टुडिओचे जागामालक रफीकभाई नाक्यावर भेटले. म्हणाले, "मास्टरनी, काग़ज़ से लूम नहीं चलता. लेकिन काग़ज़ के बिना बिजली का मीटर भी नहीं मिलता." यातून मी काय घ्यायचं?

१८ जाने., रविवार
शाळेचं काम आहे असं सांगून राहनाळला गेले. आमच्या हेडबाईंच्या ओळखीचा काशिनाथ म्हणून आहे, त्यानं तीन वर्षांपूर्वी तोच वर्ग केला. सध्या गोदामाच्या फाटकावर ट्रकच्या चिठ्ठ्या फाडतो. दोन पिक्चरना होता. एक अर्ध्यात बंद पडला, दुसऱ्याचे पैसे अजून यायचेत. सर्टिफिकेट त्याच्या आईनं देवाशेजारी लावलंय.
"म्हणजे फी बुडालीच ना?" मी स्पष्टच विचारलं.
"बुडाली. पण ताई, आता पिक्चर बघताना मला कळतं, उजेड कुठून येतोय ते."
त्याची बायको आतून म्हणाली, "पैसे देऊन जातो नि हिरॉईन सोडून खिडक्या बघत बसतो."
चहा चांगला होता. दि.ना काही बोलले नाही. तोंड पडलेलं बघवणार नाही. पण सांगायला हवं.

२३ जाने.
वर्गात घेण्याआधी परीक्षा आहे. दहा फोटो काढून द्यायचे, घरातल्या एका माणसाचा दिवस, एकही शब्द न लिहिता. दि.नी सासूबाई ठरवल्या. मी म्हटलं, माझ्यात काय वाईट आहे? म्हणे, "तू कॅमेरा दिसला की हजेरी घेतल्यासारखी उभी राहतेस." खरं आहे.

१ फेब्रु., रविवार
दि.च्या गावी, शेलारला गेलो. सासूबाईंनी सरळ नाही सांगितलं. "एकटीचा फोटू म्हंजे हार. मना न्हाय काढायचा."
त्यांचं चूक म्हणवत नाही. मामंजींचा एकट्याचा फोटो दि.नीच काढला, दिवाळीत. शिमग्याला त्याला हार घालावा लागला. आणि आमच्या स्टुडिओचं निम्मं पोट तरी कशावर चालतं? कुणी गेलं की लोक लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन येतात. त्यातली आजी तेवढी वेगळी काढायची, आजूबाजूचे पुसायचे, मोठी करून द्यायची. पासपोर्टचा सोडला तर जिवंतपणी एकट्यानं फोटोला कुणी बसतच नाही.
 परतीच्या वाटेवर दि.ची बाजू घ्यावी की सासूबाईंची, कळेना.

५ फेब्रु.
शेलारहून निरोप आला. सासूबाई तयार आहेत, पण एका अटीवर. प्रत्येक फोटोत सूनबाई पाहिजे. दोघी असल्या की तो एकटीचा होत नाही.
दि.नी डोक्याला हात लावला. परीक्षेचा नियम एका माणसाचा.

८ फेब्रु., रविवार
दिवसभर फोटो. मी जमेल तितकी कडेला. चुलीपाशी माझा नुसता पदर, विहिरीवर घागरीला लागलेला हात, गोठ्यात पाठ. तांदूळ पाखडताना माझी फक्त सावली.
दि. म्हणाले, "जरा अजून सरक."
सासूबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "ती सरली का मी उठलीच."
जेवताना त्यांनी माझ्या ताटात तुपाचा हात सैल सोडला. दि.ना म्हणाल्या, "तुझा पोट फोटूवर भरल." इतकं हसले मी. बऱ्याच दिवसांनी.

१० फेब्रु.
शाळेतून परस्पर स्टुडिओत गेले. दि. लाल दिव्याखाली. दहाही फोटो पाण्यात तरंगत होते. सासूबाई इतक्या सुंदर आहेत हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.
"तुला काढून टाकायला वेळ लागणार नाही," दि. म्हणाले. "रोजचंच काम. आयेला कळणारसुद्धा नाही."
"मग काढा." मी तरी दुसरं काय बोलणार? प्रवेश त्यांचा, आई त्यांची.
दि. बराच वेळ ब्रश हातात धरून बसले. मग धुऊन ठेवला.
फोटो तसेच गेले. माझ्या पदरासकट. आता प्रवेश मिळणार नाही हे नक्की, आणि मला त्याचं वाईट वाटतंय. फी वाचली म्हणून आनंद व्हायला हवा होता. मी पण ना.

१३ मार्च
दादरला तोंडी परीक्षा झाली. दि. आले ते हसतच.
साहेबांनी विचारलं, "नियम एका माणसाचा होता. ही दुसरी बाई कोण?"
"फी भरणारी," दि. म्हणाले.
सगळे हसले म्हणे. मला हसू आलं नाही. मी हो कधी म्हटलं? सबंध संध्याकाळ अबोला. भाजीत मीठ विसरले ते मुद्दाम नव्हतं.

३ एप्रिल
निवड झाली. फी सोमवारी, बारा तारखेला. नाही भरली तर जागा दुसऱ्याला.
आज सगळं बोलायचंच ठरवलं. काशिनाथचं सांगून टाकलं. गोदाम, चिठ्ठ्या, बुडालेले पैसे, सगळं.
दि. म्हणाले, "माहीत आहे. मी डिसेंबरातच जाऊन आलो राहनाळला. तुला उजेडाचं सांगितलं का त्यानं?"
"सांगितलं. आणि तरी तुम्हाला जायचंय?"
"तरी."
म्हणजे दोघंही एकाच फाटकावर जाऊन आलो आणि दोघांनीही लपवलं. या माणसावर रागवायचं तरी कसं?

७ एप्रिल
वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. खर्चाचा भरला. मिळकतीच्या रकान्यात काशिनाथचा उजेड लिहिला आणि खोडला. मोठी खोली दिसते डोळ्यांपुढे, वेगळ्या मोरीसकट. ती सोडवत नाही. दि. विचारत नाहीत, नुसते बघतात. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

११ एप्रिल, रविवार
शेलार. सासूबाईंना दि.नी निवड झाल्याचं सांगितलं. दहातल्या विहिरीवरच्या फोटोची एक प्रत त्यांना दिली.  त्यांनी फोटोतल्या माझ्या हातावरून बोट फिरवलं.
"कती दिसांचा शिकना हाय?"
"एक वर्षाचं, आये."
"मंग सर्टिफिकेट आला का बसन मी फोटूला एकटी. चांगला मोठा काढ. नवा लुगडा नेसन."
दि. उठून गोठ्याकडे गेले. मी सासूबाईंच्या पायाशी बसून राहिले. त्या माझ्या केसांतला लूमचा कापूस वेचत होत्या, नेहमीसारखा. त्यांचा हात थांबू नये असं वाटत होतं.
येताना एस.टी.त दि. खिडकीशी, डोळे पुसत नसल्याचं दाखवत.
पासबुक पर्समध्ये आहे. पोस्ट उद्या दहाला उघडतं, शाळा अकराला. काढीन की नाही, अजून ठरत नाही. जानेवारीपासून मी भांडते आहे की एक अख्खं वर्ष जाणार. आज सासूबाईंचा एकटीचा फोटो डोळ्यांपुढे आला नि वाटलं, कोर्स एकच वर्षाचा का ठेवलाय.