जसा घेतला, तसा

सोमवार, ४ मार्च

सहानुभूती! सरकारला आमच्याविषयी सहानुभूती वाटते म्हणे. वकीलबाईंनी पत्र वाचून दाखवलं— खटला मागे घ्या, सहानुभूतीपोटी काहीतरी मदत देऊ, पण जबाबदारी आमची नाही. जबाबदारी त्या दोन हवालदारांची. त्यांनी ड्युटीच्या बाहेर जाऊन, स्वतःच्या डोक्याने मारहाण केली. ते तुरुंगात गेले, विषय संपला.

कसा संपला? धाकट्याला दुपारी घरातून धडधाकट नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओळख पटवायला बोलावलं. माझा भाऊ, मी कडेवर घेऊन वाढवलेला— आणि ओळख पटवा! तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या, त्या काय सहानुभूतीसाठी? साफ नाही म्हटलं. आईचं आणि धाकट्याच्या बायकोचं, वहिनीचंही तेच.

पुढच्या सोमवारी माझी साक्ष. निघताना वकीलबाई हळूच म्हणाल्या, "फोनचं विचारणार ते. तयारी ठेवा."



मंगळवार, ५ मार्च

लिहूनच टाकते. इथे नाही तर कुठे लिहिणार?

फोन मी केला होता. धाकट्याची नोकरी सुटली होती. भरदुपारी पिऊन आला, दुकानामागच्या आमच्या खोलीत कपाटाची काच फोडली, आरडाओरडा. वहिनी आत एकटी. मी लॉन्ड्रीच्या काउंटरवरून पोलीस स्टेशनला फोन लावला. म्हटलं, जरा दम द्या त्याला, ताळ्यावर येईल. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर गाडी दारात! एरवी चोरी झाली तर दुसऱ्या दिवशी उगवतात. त्याच दिवशी मेल्यांना एवढी घाई कुठून आली?

वकीलबाई सोडून घरात-दारात कुणाला माहीत नाही. आईच्या मते फोन समोरच्या न्हाव्याने केला. तीन वर्षं त्याच्याशी अबोला. तो बिचारा हसतो, ही तोंड फिरवते, आणि मी मुकाट बघते! वहिनीने मात्र कधी विचारलंच नाही, फोन कुणी केला. एकदाही नाही. दिवसभर माझ्याबरोबर दुकानात उभी असते, पावत्या लिहिते, ताई ताई करते. सोमवारी ती समोरच्या बाकावर असेल. तिच्यादेखत मला ते बोलायचंय. खटला जिंकेन आणि हिला गमावून बसेन.

बुधवार, ६ मार्च

जेवण जात नाही. इस्त्रीवाला म्हणतो, ताई, आजारी दिसता. हो रे बाबा.

गुरुवार, ७ मार्च

आज दुकानात तमाशा! इस्त्रीवाल्याने हेडमास्तरांचा राखाडी कोट जाळला. पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा. मास्तरांनी दुकान डोक्यावर घेतलं. इस्त्रीवाला रडकुंडीला आला— "माझं लक्ष नव्हतं, माझी चूक, मी भरून देतो."

मी म्हटलं, "तू गप्प बस. मास्तर, कोट तुम्ही माझ्या दुकानात दिलात, याच्या घरी नाही. पाटी माझी आहे, मी बघते."

मास्तर पावती नाचवत होते. "वाचा ना, घेताना काय लिहिलंय! एक बटण सैल, बाकी ठीक." वहिनीचंच अक्षर. आमची पद्धतच आहे ती. कपडा घेताना उजेडात धरायचा, उलटासुलटा करायचा, डाग, भोक, तुटकं बटण, जे असेल ते पावतीवर लिहायचं. नाहीतर नेताना गिऱ्हाईक म्हणतं, हे भोक तुमचंच.

मास्तर पावती काउंटरवर आपटून गेले. पावती!

धाकट्याला ताब्यात घेताना त्यांनीही कागद केला होता. फाइलीत आहे, शंभरदा वाचलाय. 'अंगावरील खुणा: उजव्या हाताला काचेने खरचटलेले. बाकी काही नाही.' खाली सही, शिक्का. एक बटण सैल, बाकी ठीक!

दुकान वहिनीवर टाकून वकीलबाईंकडे धावले. त्या म्हणाल्या, तो कागद पुराव्यात लावलाच आहे. मग मी कोटाची गोष्ट सांगितली. आधी हसल्या, मग चष्मा काढून ठेवला. "हे सगळं तुम्ही तुमच्या शब्दांत बोला. मी मध्ये येणार नाही."

सोमवार, ११ मार्च

साक्ष झाली!

सरकारी वकील गोड आवाजाचे. "बाई, पोलिसांना फोन कुणी केला होता?"

वहिनी दुसऱ्या बाकावर, आईला खेटून. न्यायाधीशांकडे बघून बोलायचं ठरवलं होतं. वहिनीकडेच बघितलं गेलं. "मी केला."

आई "काय?" म्हणून ओरडली. पट्टेवाल्याने तिला गप्प केलं. वहिनीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"म्हणजे तो घरात नको होता तुम्हालाच?"

अंगाचा तिळपापड झाला. बरंच झालं, राग आला की माझी भीती पळते. "दम द्या म्हटलं होतं, साहेब. जीव घ्या म्हटलं नव्हतं. माझी लॉन्ड्री आहे. कपडा मळका आला म्हणून मी तो फाडून परत देत नाही."

न्यायाधीश म्हणाले, "बोलू द्या त्यांना."

मग काय! तो कागद मागून घेतला, वर धरला. "ही तुमची पावती. हाताला खरचटलंय, बाकी काही नाही, असं लिहून घेतलात माझा भाऊ. परत दिलात तेव्हा सहा बरगड्या मोडलेल्या होत्या. माझ्या माणसाने कोट जाळला तर मी गिऱ्हाइकाला त्याच्या घरचा पत्ता देत नाही. इस्त्री माझी, टेबल माझं, दुकान माझं. कोठडी कुणाची होती? कुलूप कुणाचं? त्या दोघांना गणवेश कुणी दिला होता?"

"बाई, माणूस म्हणजे कोट नव्हे."

"तेच तर म्हणतेय! मी कोटाची जबाबदारी घेते, आणि तुम्ही माणसाची घेत नाही!"

मागे कुणीतरी टाळी वाजवली. त्याला दटावलं. न्यायाधीश मान खाली घालून लिहीत राहिले.

तिघी घरी आलो. दारात आई थांबली, रस्त्यापलीकडे बघत राहिली. "म्हणजे न्हाव्याने नव्हता केला?"

मंगळवार, १२ मार्च

आई सकाळीच न्हाव्याकडे जाऊन आली. माफी मागितली की नाही, देव जाणे. आल्यावर म्हणाली, "केस पांढरे झाले बिचाऱ्याचे." मग माझ्याकडे वळली. "फोन तू केलास. मारलं त्यांनी. मी म्हातारी झालेय, खुळी नाही." तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. या वयात!

वहिनी दुकानात आली नाही.

बुधवार, २० मार्च

वहिनी येते, पावत्या लिहिते, जाते. ताई म्हणत नाही. नजर चुकवते. बरोबरच आहे तिचं. पण मला सहन होत नाही.

सोमवार, २२ एप्रिल

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

'माणूस ताब्यात घेतल्या क्षणापासून त्याच्या जिवाची जबाबदारी शासनाची आहे. ती कर्मचाऱ्यांवर ढकलून शासनाला मोकळे होता येणार नाही.' वकीलबाईंकडून दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मीच म्हणून दाखवलं, पाठ झालं होतं. पैसे वहिनीला मिळतील, भरपाई म्हणून, सहानुभूती म्हणून नव्हे. पण मला हे वाक्य हवं होतं. सही-शिक्क्यानिशी मिळालं!

पायऱ्यांवर सरकारी वकील भेटले. "बाई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." मी म्हटलं, "साहेब, कोटाची कॉलर मळलीय तुमची. पाठवून द्या."

दुकानात ही गर्दी! इस्त्रीवाल्याने पाटी घासूनपुसून लखलखीत केली. हेडमास्तर नवा कोट घालून आले, कडकडून हात हातात घेतला. न्हाव्याने आईसाठी स्वतःच्या दुकानातली फिरती खुर्ची उचलून आणली. आई तिच्यात बसून सगळ्यांना निकाल समजावून सांगत होती, अर्धा चुकीचा. धाकटा असता तर त्या खुर्चीत आईला गरागरा फिरवली असती त्याने.

वहिनी मागच्या खोलीत. दार आतून लावलेलं.

मंगळवार, २३ एप्रिल

दुकान उघडत होते, तेवढ्यात वहिनी काउंटरशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, गाडी पाच मिनिटांत कशी आली? तुमच्या आधी मी केला होता फोन."

शटर पुन्हा खाली ओढलं.