पाठ चोळायची नाही

१४ फेब्रुवारी २००५

मॅट्रन मॅडम राउंडला आल्या त्या माझ्यावरच घसरल्या. "श्रद्धा सिस्टर, नागोरावांच्या पाठीला स्पिरिट-पावडर लावून चोळलं नाही?"

नाही! मुद्दामच नाही. नागोराव म्हणजे अकोल्याचे निवृत्त मास्तर, अर्धांगाने पडून आहेत. माकडहाडावर लाल चट्टा आलाय. मागच्या महिन्यातल्या नर्सिंगच्या शिबिरात अभ्यास दाखवून स्वच्छ सांगितलं — लाल झालेली जागा चोळली की आतलं मांस आणखी दुखावतं. कूस बदलत राहायची, बस. हे मॅडमना सांगायला गेले. "आपण फार शिकलात! आम्ही काय इतकी वर्षं गवत उपटत होतो?"

चोळायचं म्हणजे चोळायचं!

१५ फेब्रुवारी

राजीनामा तोंडावर फेकावासा वाटतो. फेकणार कसा? मूळ सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात. नोकरीचा बाँड संपेपर्यंत मिळायची नाहीत, आणि पुढे शिकायचं तर तीच लागतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

१७ फेब्रुवारी

उपाय सापडला. स्पिरिटची बाटली घ्यायची, पडदा ओढायचा, मास्तरांना नुसतं कुशीवर वळवायचं. चट्टा नसलेल्यांची पाठ नेहमीसारखी चोळायची. बाकीच्या पाळ्यांतल्या सिस्टरनाही पटवलंय. कुणाला बोलायचं नाही, एवढंच.

१९ फेब्रुवारी

चट्टा फिका पडलाय! मास्तरांना म्हटलं, "पास झालात." वाकड्या तोंडाने हसले. बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

कातडी फुटली. कशी? वेळेवर वळवत होतो ना! मी कुठे चुकले?

२४ फेब्रुवारी

कळलं. दुपारी जेवून लवकर परत आले. पडदा ओढलेला. आत मास्तरांची बायको कौशल्याकाकू, तळव्यावर कापराचं तेल, कणीक मळावी तशी जखमेच्या कडेने पाठ मळतायत.

दचकल्या. "मीच करतो न बाई रोज. बाजूवाल्याची चोळता, आमच्याकडे कोनी चोळत नाही. तुमच्या मागं कामं लय. राग येईन म्हून सांगतलं नाही."

मॅडमपासून लपवता लपवता काकूंनाही काही सांगितलं नव्हतं मी. कपाळ माझं! "आता जखम झालीय, तेल नको," एवढंच म्हणून तेलाची वाटी उचलून आणली. कारण सांगवेना. नवऱ्यासाठी जीव टाकतात हो त्या.

२६ फेब्रुवारी

सुपरिंटेंडेंटच्या केबिनमध्ये बोलावणं. काकूंचा मुलगा तेजस तिथेच — येरवड्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. आईवरच डाफरत होता, "तुला इथे बसवलंय कशासाठी? साधं लक्ष ठेवता येत नाही?" काकू पदराचं टोक पिळत उभ्या.

मॅडमना काकूंच्या बोलण्यातून कळलं असावं. म्हणाल्या, "ह्यांनी चोळलंच नाही, म्हणून फुटलं."

खरं काय ते तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्या पोराने आईला जन्मभर सोलून काढलं असतं. म्हटलं, "चूक माझी."

बाँड माफ. सर्टिफिकेटं टेबलावर. आजपासून यायचं नाही! वर हुकूम — यापुढे प्रत्येक पाळीत प्रत्येक पेशंटची पाठ चोळायची.

सुटले म्हणून नाचायला हवं. जेवणसुद्धा गेलं नाही.

२८ फेब्रुवारी

युनिफॉर्म परत द्यायला गेले. कौशल्याकाकू बाजूच्या खाटेपाशी होत्या. तिथल्या पेशंटच्या बायकोला शिकवत होत्या, "जोरानं चोळ वं! आमच्या मास्तराची सिस्टरनं नाही चोळली, पाह्य काय झालं ते!" त्या पेशंटच्या पाठीवर लालभडक चट्टा.

मी दोघींचे हात धरले. "काकू, तुमच्या चोळण्यानेच फुटलं हो ते."

सगळा वॉर्ड ऐकत होता. तेजससुद्धा.