तसं बरं चाललंय

विल्मर, मिनेसोटा
४ मार्च २०१८

ती. आर्डिस मावशीस,
मारिटचा सा. न.

ब्रिटाच्या वाढदिवसाचं तुझं कार्ड पोचलं. ऐकू येत नाही म्हणून तू फोन काढून टाकलास, त्याचा फायदा आम्हाला. गावात हाताने लिहिलेलं टपाल येणारं आमचं एकच घर उरलं असेल.

बर्फ अजून कंबरेएवढं आहे. डेल आठवडाभर कारखान्यात टर्की पक्षी सोलायची यंत्रं दुरुस्त करतो आणि रविवारी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकून बसतो. मासा लागत नाही, पण घराबाहेर तरी बसायला मिळतं. ईस्टरपर्यंत दर बुधवारी चर्चच्या तळघरात सुपाचं जेवण असतं, तुला ठाऊकच आहे. या खेपेला वाटाण्याचं सूप माझ्याकडे होतं. लोर्ना एंगेबर्ग म्हणाली, चव वेगळीच आहे. म्हणजे तिखट झालं. मी चिमूटभर मिरपूड घातली होती. तरी पातेलं रिकामं झालं, आणि दोघांनी कृतीही विचारली.

ब्रिटा तशी बरी आहे. चौदावं लागलं तशी स्वच्छतेच्या बाबतीत जरा काटेकोर झालीय. नोव्हेंबरपासून शाळेत गेली नाही, पण अभ्यास घरी करते. तुझं कार्ड तिने अजून हातात घेतलं नाही, रागावू नकोस. तू पाकिटं जिभेने चिकटवतेस हे तिने पाहिलंय, म्हणून तुझं टपाल आम्ही तीन दिवस पडवीत ठेवतो. डॉक्टरांच्या मते तिला विस्कॉन्सिनमधल्या एका संस्थेत तीनेक महिने ठेवावं, मुलं तिथेच राहून उपचार घेतात. जागा एक मेपर्यंत राखून ठेवलीय. विमा कंपनीची मंजुरी तेवढी यायचीय. परवा कंपनीच्या नर्सचा फोन आला होता, फार गोड बाई. मीही मोकळेपणाने बोलले. तेव्हा काळजी नको, आमचं तसं बरं चाललंय.

लोभ आहेच, तो या थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझी,
मारिट

---

डलूथ
१० मार्च

चि. मारिट हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सुपाचं पुराण पातेलं रिकामं होईपर्यंत, आणि पोरीचं एका दमात उरकलंस. मी एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात कारकुनी केली आहे. माणूस कुठे रेंगाळतो आणि कुठे पाय उचलतो ते मला कळतं. चार महिने शाळेचं तोंड न पाहिलेली मुलगी 'तशी बरी' कशी, ते मला समजावून सांग.

तुझी आई अशीच होती. मनगट मोडलेलं असताना तिने अठरा माणसांना कॉफी दिली आणि नंतर डॉक्टरला म्हणाली, जरासं लचकलंय. दुखणं अंगावर काढण्यात आपल्या घराण्याचा हात धरणारं कुणी नाही. त्या गोड नर्सला तू नक्की काय सांगितलंस ते शब्दाला शब्द लिही. आणि पोरीचं खरं काय ते लिही. तुझी मावशी बहिरी आहे, घाबरट नाही.

मिरपूड घालत जा. लोर्नाला सवय होईल.
तुझी,
आर्डिस मावशी

---

विल्मर
१७ मार्च

ती. आर्डिस मावशीस,
सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कंपनीचंही आलं. नामंजूर. कारण असं दिलंय की आईच्या सांगण्यानुसार मुलीचं तसं बरं चाललं आहे, कुटुंब परिस्थिती सांभाळून आहे, तेव्हा आठवड्यातून एकदा डॉक्टरांना भेटणं पुरेसं आहे.

आईच्या सांगण्यानुसार, मावशी. म्हणजे माझ्या. त्या बाईने विचारलं, जेवते का? मी म्हटलं, खाते की. झोपते का? झोपते. तुम्ही कशा आहात? तक्रार करावी असं काही नाही. परक्या बाईला, तेही तिच्या कामाच्या वेळात, आपलं रडगाणं काय ऐकवायचं, असं वाटलं. फोन ठेवताना वर मी तिला बर्फात गाडी जपून चालवायला सांगितलं. तिने मी बोलले तेच लिहून घेतलं, तिचं काही चुकलं नाही. माझ्या मुलीची वाट मीच अडवली.

आता खरं लिहिते. ती हात धुते, एकेका वेळी चाळीस मिनिटं. गरम पाणी संपलं की गार पाण्यात. कोपरापर्यंत कातडी सोललीय. खाते ती फक्त बंद पाकिटातलं, आणि पाकीट तिनेच फोडलेलं हवं. माझ्या हातचं ऑक्टोबरपासून खाल्लं नाही. डेल कारखान्यातून येतो म्हणून त्याने गॅरेजमध्ये कपडे बदलायचे. तो शून्याखालच्या थंडीत तिथे उघडा उभा राहतो आणि आत आल्यावर म्हणतो, आज ऊन छान होतं. डॉक्टरांकडे न्यायचं तर तिला गाडीत बसायलाच दोन तास लागतात. बहुतेकदा वेळ निघून जाते आणि आम्ही अंगणातूनच परत फिरतो. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, आपल्या आज्या मंत्रचळ म्हणायच्या. ती मला म्हणाली, "ममा, हात स्वच्छ आहेत हे मला माहितीये. माझ्या डोक्याला पटत नाही."

आणि ऑक्टोबरपासून मी तिला हात लावलेला नाही. ती रडते तेव्हा मी दाराबाहेर बसते. मला तिची फार आठवण येते, मावशी, आणि ती तर भिंतीपलीकडेच असते.

स्वतःच्या खर्चाने तिला तिथे ठेवणं आमच्या आवाक्यात नाही. एक मेनंतर ती जागा दुसऱ्या कुणाला देतील.

पत्र टाकू की नको असं झालंय. टाकते. सांभाळून घे.
तुझी,
मारिट

---

डलूथ
२२ मार्च

चि. मारिट,
खूप खूप आशीर्वाद.

दोन ठिकाणी शाई फुटलीय. मीही वाचताना रडले. आता डोळे पुसून कामाला लागू.

कंपनीकडे अपील कर. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं तर राज्याकडे अर्ज करता येतो. मग कंपनीशी काही देणंघेणं नसलेला डॉक्टर सगळे कागद तपासतो आणि त्याचा निकाल कंपनीला पाळावा लागतो. पण तो तुला भेटणार नाही, की तुझे डोळे पाहणार नाही. कागदावर नाही ते घडलंच नाही, हे मी एकतीस वर्षं पाहिलं. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि विमा कंपनी काही कुणाची आई नव्हे.

तुझं अपील 'आपला बहुमोल वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व' असं सुरू होईल, हे मी आत्ताच लिहून देते. म्हणून तुझं सतरा तारखेचं पत्र, टपालाचा शिक्का असलेल्या पाकिटासकट, तुला परत पाठवते आहे. तेच जोड. ते कंपनीला दाखवायला लिहिलेलं नाही, म्हणून त्यात तू खोटं बोलायची विसरलीस.

पण आधी ब्रिटाला विचार. दुखणं तिचं आहे, आणि आपण दोघी त्याची पत्रं करून बसलो आहोत. ती नको म्हणाली तर जाळून टाक.

आणि हो, हे पाकीट मी ओल्या स्पंजाने चिकटवलं आहे. यापुढे तसंच करीन. पोरीला सांग.

माया पोचती कर, निदान दारापर्यंत.
तुझी,
आर्डिस मावशी

---

विल्मर
१६ एप्रिल

ती. आर्डिस मावशीस,
सा. न.

रागव, पण वाच. ब्रिटाला विचारायचा मला धीर झाला नाही. म्हणून मी ते पत्र न जोडताच अपील केलं. क्षमस्व नव्हतं, आभार होते, तीन वेळा. कंपनीने पुन्हा नाही म्हटलं.

मग परवा तिच्या दाराशी गेले. तुझा स्पंजही सांगितला. ती हसली, मावशी, नाकातल्या नाकात, पण हसली. मग पत्राचं सांगितलं. ती कागदाला हात लावत नाही, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी राहून एकेक पान तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिने सगळं वाचलं. धरून धरून माझे हात भरून आले. शेवटी म्हणाली, यात एक चूक आहे.

"चाळीस नाही, नव्वद. तू जिन्यावरून खाली गेलीस की मी नळ परत सोडते."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तू विचारलंस की मी बरी म्हणायचे, तूही सगळ्यांना तेच सांगायचीस. हा वारसा मी तिला न मागता दिला.

मग तीच म्हणाली, पाठव, पण नव्वद करून. तिच्या देखत मी पत्राखाली लिहिलं: 'ब्रिटाची दुरुस्ती. चाळीस नव्हे, नव्वद मिनिटं.' तिने ते दोनदा वाचून पाहिलं. आज सगळे कागद राज्याकडे गेले. तातडीचा अर्ज आहे, महिनाअखेरीच्या आत कळायला हवं.

प्रार्थना करत असशील तर जरा मोठ्याने कर.
तुझी,
मारिट

---

विल्मर
२७ एप्रिल

ती. आर्डिस मावशीस,
सा. न.

मंजूर! येत्या सोमवारी निघतो.

त्या डॉक्टरने लिहिलंय की या मुलीला संस्थेत राहूनच उपचार मिळायला हवेत, आणि आईने फोनवर दिलेल्या माहितीपेक्षा खाजगी पत्र व त्याखालची मुलीची दुरुस्ती अधिक विश्वसनीय आहे. मला रीतसर खोटारडी ठरवलंय, आणि मी तो कागद फ्रिजवर लावलाय.

रविवारी चर्चमध्ये लोर्नाने नेहमीसारखं विचारलं, काय म्हणतेस? मी म्हटलं, माझी मुलगी आजारी आहे, आम्हाला फार जड जातंय. बिचारीला कुठे पाहावं कळेना. मला वाटलं, आता ही बाई माझ्याशी बोलायची नाही. सोमवारी सकाळी पायरीवर बटाटा-खिम्याच्या हॉटडिशची तीन भांडी झाकून ठेवलेली. त्यातलं एक लोर्नाचं होतं, आणि त्यात मिरपूड होती. डेल आठवडाभर तेच खातोय.

गाडीच्या सीटवर घालायच्या चादरी ब्रिटाने स्वतः निवडल्यात. ती घाबरलीय, मीही. पण दोघींनी एकमेकींना तसं सांगितलंय.

पुढचं पत्र तिचं येईल अशी आशा धर.
तुझी,
मारिट

---

विस्कॉन्सिन
८ जुलै

प्रिय आर्डिस आजीस,
ब्रिटाचा नमस्कार.

हे पत्र मी स्वतः लिहितेय, कागद हातात धरून. अक्षराला हसू नकोस.

इथे आपल्याला ज्याची भीती वाटते त्यालाच हात लावायला लावतात, आणि मग धुवायचं नाही. पहिल्या दिवशी दाराची मूठ, मग बुटाचा तळ, मग कचऱ्याच्या डब्याचं झाकण. माझ्यावर उपचार करणाऱ्या बाईंचं नाव रोशेल. पहिले तीन आठवडे मला त्यांचा भयंकर राग यायचा. आता फक्त सकाळी येतो.

आमच्या घरात 'बरी आहे' म्हणायला आता बंदी आहे, म्हणून खरं सांगते. मंगळवार वाईट गेला, परत पंचवीस मिनिटं धुतले. बुधवारी नऊ. काल ममा आणि डॅड आले होते. ममाने सँडविच आणलं होतं, घरून, तिच्या हातचं. मी अर्धं खाल्लं. मग तिचा हात धरला. घामट होता. ती इतकी रडली की डॅड बाहेर जाऊन गाडीची टायरं तपासत बसला, आणि आत येऊन म्हणाला, आज ऊन छान आहे. खरंच छान होतं.

ममा म्हणाली, तू माझ्यासाठी अजून पाकिटं स्पंजाने चिकटवतेस. थँक्यू, आजी. आता नाही केलंस तरी चालेल. निदान चालतं का ते बघू.

मला पत्र लिही, आणि मोठं लिही.
तुझी,
ब्रिटा

(पाकिटाच्या मागच्या बाजूला)

ता. क. हे पाकीट मी जिभेने चिकटवलंय. चव घाण आहे. वीस मिनिटं झाली, अजून तोंड धुतलेलं नाही.